चक्कर येऊन पडणं: दवाखान्यात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिकच्या पंचवटीतल्या माझ्या दवाखान्यात ‘काल चक्कर येऊन पडले’ हे वाक्य आठवड्यातून दोन-तीनदा तरी कानावर येतं. सोबतच्या नातेवाइकाच्या हातात जाडजूड फाइल असते. त्यात रक्ताचे रिपोर्ट असतात, बहुतेक वेळा मेंदूचा सीटी स्कॅनही असतो. पण ज्याने पडताना पाहिलं तो माणूस घरी राहिलेला असतो. मला फाइलच्या आधी तो माणूस हवा असतो. का, ते पुढच्या उत्तरांमधून कळेल.

चक्कर, भोवळ, घेरी, फिट हे सगळं एकच का?

नाही, आणि इथेच अर्धा घोळ होतो. आपण ‘चक्कर’ हा एकच शब्द तीन-चार वेगळ्या गोष्टींना वापरतो. कूस बदलली की घर गरगर फिरतं, उलटी येते, पण माणूस पूर्ण शुद्धीवर असतो. ही बहुधा कानाच्या आतल्या तोल सांभाळणाऱ्या भागाची तक्रार असते. डोळ्यांपुढे अंधारी येते, पाय लटपटतात, पण बसल्यावर बरं वाटतं, ही भोवळ. आणि शुद्धच हरपून माणूस खाली कोसळतो, थोड्या वेळात आपोआप भानावर येतो, ही मूर्च्छा. या पानावर मुख्यतः मूर्च्छेबद्दल लिहिलं आहे. डॉक्टरांना सांगताना ‘चक्कर आली’ एवढंच म्हणू नका. घर फिरलं, अंधारी आली, की मधला वेळ आठवतच नाही, हे सांगा.

शुद्ध जाते म्हणजे नेमकं काय होतं?

मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम २ टक्के, पण हृदयातून निघणाऱ्या रक्तातला १५ टक्क्यांच्या आसपास वाटा एकटा मेंदू घेतो. त्याच्याजवळ शिल्लक काहीच नसते. रक्तपुरवठा ६ ते ८ सेकंद थांबला तरी शुद्ध जाते.

आपण उभे राहिलो की अर्धा ते पाऊण लिटर रक्त पोटात आणि पायांत उतरतं. निरोगी शरीर लगेच रक्तवाहिन्या आवळतं, हृदयाची गती थोडी वाढवतं आणि दाब सांभाळतं. ही व्यवस्था कुठेतरी चुकली की दाब घसरतो आणि माणूस कोसळतो. कोसळल्यावर डोकं आणि हृदय एका पातळीवर येतं, रक्त पुन्हा मेंदूकडे वाहू लागतं आणि डोळे उघडतात. आडवं होणं हाच इथे पहिला उपचार आहे आणि शरीर तो स्वतःच करून घेतं.

रांगेत उभं राहिल्यावरच मला असं का होतं?

कारण रांगेत आपण चालत नाही. चालताना पोटऱ्यांचे स्नायू दर पावलाला रक्त वर ढकलत असतात. सप्तशृंगी गडावर देवीच्या दर्शनाला, गोदावरीच्या रामकुंडावर पर्वणीच्या गर्दीत, शाळेच्या प्रार्थनेला, रक्तदान शिबिरात किंवा बसमध्ये दांडा धरून उभं असताना पडणारे बहुतेक लोक एकाच प्रकारात मोडतात. उकाडा, उपाशी पोट, अपुरी झोप, रक्त किंवा सुई पाहणं, अचानक दुखणं, भीती यांपैकी काहीतरी सोबत असतं. मज्जासंस्था गोंधळते, रक्तवाहिन्या आवळायच्या ऐवजी सैल पडतात आणि हृदयाची गती मंदावते.

याची ओळख पडण्याआधीच्या मिनिटात असते. जांभया येतात, पोटात ढवळतं, कपाळावर आणि ओठावर गार घाम फुटतो, आवाज लांबून आल्यासारखे वाटतात, नजर कडेने काळवंडत जाते. बघणाऱ्याला चेहरा कणकेसारखा पांढरा दिसतो. मग गुडघे वाकतात. ही मूर्च्छा तरुणांमध्ये सर्रास दिसते आणि तिने स्वतः जीव जात नाही. मात्र पडताना डोकं पायरीवर आपटलं तर ती साधी राहत नाही. म्हणून जांभया आणि गार घाम सुरू होताच लाज न बाळगता तिथेच खाली बसायचं, जमलं तर आडवं व्हायचं. रांग मोडली तरी चालेल.

समोर कोणी कोसळलं तर काय करू?

मी वैद्यकीय शिक्षण घेत होते तेव्हाची गोष्ट. मे महिन्यातलं लग्न, खचाखच भरलेलं मंगल कार्यालय. वडील अक्षता टाकायला उभे होते. सकाळपासून पोटात फक्त चहा, अंगात जाडा सफारी. मी पाहत होते: त्यांनी जांभई दिली, भिंतीला हात टेकवला आणि ते खचले. चौघांनी त्यांना काखेत धरून प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवलं. मान लुळी पडत होती म्हणून मी दोन्ही हातांनी ती ताठ धरली. शुद्ध येईना. डोळे वर गेले, हातांना झटके येऊ लागले. ‘फिट आली, फिट आली’ असा गलका झाला, कोणीतरी मुठीत किल्ल्या कोंबल्या. तेवढ्यात पंगतीत वाढणाऱ्या एक मावशी ओरडल्या, “अगं, आधी आडवं टाका त्यांना!” सतरंजीवर निजवलं, पाय त्याच खुर्चीवर ठेवले. अर्ध्या मिनिटात वडिलांनी डोळे उघडले आणि विचारलं, “मंगलाष्टकं झाली का?”

झटके आम्हीच आणले होते. मेंदूला रक्त हवं होतं आणि मी डोकं वर धरून ठेवलं होतं.

तेव्हा, पडलेल्याला बसवू नका, उभं करू नका, खुर्चीत तर अजिबात नको. पाठीवर निजवा, पाय फूटभर उंच करा, गळ्याचं बटण आणि कमरेचा पट्टा सैल करा, भोवतीची गर्दी हटवा. उलटी होत असेल किंवा तोंडात फेस असेल तर कुशीवर वळवा. आणि श्वास बघा. छाती वरखाली होते आहे ना? साधी मूर्च्छा मिनिटभरात, बहुधा त्याच्याही आत, उतरते.

हाक मारून, खांदे हलवूनही प्रतिसाद नाही आणि श्वास थांबलेला किंवा अधूनमधून आचका दिल्यासारखा असेल, तर ही मूर्च्छा नाही, हृदय थांबलं आहे. १०८ ला फोन करायला एकाला सांगा आणि तुम्ही छातीच्या मधोमध दोन्ही तळहात एकावर एक ठेवून दाबायला सुरुवात करा: मिनिटाला १०० ते १२० वेळा, मोठ्या माणसात ५ ते ६ सेंटिमीटर खोल, मदत येईपर्यंत.

शुद्धीवर आल्यावर निदान १० मिनिटं निजूनच राहू द्या. ‘मी बरा आहे’ म्हणत लगेच उठणारी माणसं दुसऱ्यांदा पडतात, आणि दुसऱ्या वेळेस जास्त लागतं.

कांदा फोडून हुंगवणं, चप्पल नाकाशी धरणं, तोंडात पाणी घालणं?

कांद्याने आणि चपलेने काही होत नाही, वेळ मात्र जातो. तोंडात पाणी घालणं घातक आहे. बेशुद्ध माणसाला गिळता येत नाही आणि पाणी फुप्फुसात जातं. साखर, ग्लुकोज, चहा सगळं पूर्ण शुद्ध आल्यावर. दातखीळ बसली म्हणून चमचा घालू नका, दात तुटतात.

हातपाय वाकडे झाले, म्हणजे मिरगीच ना?

तसं नाही. वडिलांच्या बाबतीत झालं तसे थोडे झटके साध्या मूर्च्छेतही येतात. फरक ओळखायला पाहणाऱ्याची साक्ष लागते, म्हणून त्याला सोबत आणा म्हणते.

मूर्च्छेत माणूस आधी पांढरा पडतो, अंग ढिलं होतं, झटके आलेच तर पडल्यानंतर आणि काही सेकंदच. शुद्ध आली की आपण कुठे आहोत हे त्याला लगेच कळतं. मिरगीच्या झटक्यात अंग आधी कडक होतं, चेहरा निळसर होतो, हातपाय एका ठेक्यात मिनिट-दोन मिनिटं झटकत राहतात, जीभ कडेने चावली जाते, आणि नंतर बराच वेळ माणूस गोंधळलेला, झोपाळलेला, घरच्यांना न ओळखणारा असतो. कपड्यात लघवी होणं दोन्हींत होऊ शकतं, त्यावरून ठरवू नका. झटका ५ मिनिटांपेक्षा लांबला किंवा मधे शुद्ध न येता दुसरा आला तर थेट रुग्णालय.

मला हे पोटतिडकीने सांगावंसं वाटतं, कारण एका चुकीच्या ‘फिट’च्या शिक्क्याने मुलींची लग्नं मोडतात, वर्षानुवर्षं नको त्या गोळ्या चालू राहतात. आणि उलटंही होतं: हृदयाच्या ठोक्यांचा दोष ‘फिट’ समजून राहून जातो. पुन्हा झालं तर एकाने सांभाळावं आणि दुसऱ्याने मोबाइलवर चित्रण करावं. ते अर्ध्या मिनिटाचं चित्रण कित्येकदा महागड्या स्कॅनपेक्षा जास्त सांगून जातं.

आई सकाळी अंथरुणातून उठली की पडते. वय ७२.

आधी तिच्या गोळ्यांची पिशवी आणा, सगळी. रक्तदाबाच्या दोन-तीन गोळ्या, लघवी जास्त करणारी गोळी, झोपेची किंवा नैराश्यावरची गोळी, आणि वडीलधाऱ्या पुरुषांत प्रोस्टेटची गोळी, ही नेहमीची कारणं. मधुमेह जुना असेल तर रक्तवाहिन्या आवळणाऱ्या नसाच कमजोर झालेल्या असतात. तपासणी सोपी आहे: निजवून बीपी मोजायचं, मग उभं करून ३ मिनिटांत पुन्हा मोजायचं. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला तर कारण हाती लागलं. बसवून एकदाच मोजलेलं बीपी इथे फसवतं.

गोळी स्वतःहून बंद करू नका. वेळ किंवा मात्रा डॉक्टर बदलतील. तोवर आईने उठताना आधी कुशीवर वळावं, पाय खाली सोडून दोन मिनिटं काठावर बसावं, पाऊलं वरखाली करावीत, मग कशाला तरी धरून उभं राहावं. पोटभर जेवणानंतरही म्हाताऱ्या माणसांचा दाब उतरतो, जेवल्याबरोबर उठून कामाला लागू नये.

काळी, डांबरासारखी शौचास होत असेल तर मात्र थांबू नका. सांधेदुखीच्या गोळ्यांनी पोटात रक्तस्राव होऊन म्हातारी माणसं अशीच उठताना पडतात.

रात्री लघवीला उठल्यावर, खोकल्याची उबळ आल्यावर पडणं?

तेही मूर्च्छेचेच प्रकार. पुरुषांनी रात्री बसून लघवी करावी आणि दिवा लावावा. खोकला जुना असेल तर त्याचा इलाज करावा, बिडी-सिगारेट सोडावी.

बाथरूममध्ये अंघोळ करताना मुलगी बेशुद्ध पडली. अशक्तपणा असेल का?

बाथरूममध्ये गॅस गिझर आहे का, हे आधी सांगा.

नाशिकची थंडी आपल्याला ठाऊक आहे. निफाडचा पारा खाली उतरला की घराघरांत खिडक्या बंद होतात, झरोक्यात बोळा कोंबला जातो, आणि आत गिझर जळत राहतो. हवा अपुरी पडली की त्यातून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. रक्त प्राणवायूऐवजी त्यालाच धरून बसतं. डोकं जड होतं, मळमळतं, पाय गळतात, आणि कडी लावलेल्या दाराआड माणूस खाली बसतो तो उठत नाही. बोटाला लावायचं ऑक्सिजन मोजणारं यंत्र अशा वेळी ९८ किंवा ९९ दाखवतं, कारण त्याला दोन्हींतला फरक कळत नाही. त्या आकड्यावर विसंबून मुलीला घरी ठेवू नका.

दार तोडा, खिडकी उघडा, गॅस बंद करा, तिला मोकळ्या हवेत आणा, १०८ बोलवा आणि रुग्णालयात ‘गॅस गिझर होता’ हे पहिल्या वाक्यात सांगा. बरी होऊन घरी आली तरी तो गिझर बाथरूमच्या बाहेर, उघड्या हवेत बसवल्याशिवाय पुन्हा वापरू नका. हे मी हात जोडून सांगते.

द्राक्षबागेत फवारणी करताना मजूर कोसळला. ऊन लागलं म्हणायचं का?

डोळ्यांच्या बाहुल्या बघा. टाचणीच्या टोकाएवढ्या बारीक झाल्या असतील, तोंडातून लाळ गळत असेल, खूप घाम, उलटी, जुलाब, छातीत घरघर असेल, तर ही कीटकनाशकाची विषबाधा असू शकते. ती आपोआप उतरत नाही. हातमोजे घालून त्याचे कपडे काढा, साबण-पाण्याने अंग धुवा, औषधाची बाटली सोबत घ्या आणि त्वरित रुग्णालय गाठा. दिंडोरी-निफाडकडच्या बागांत पेठ-सुरगाण्याहून आलेली माणसं काम करतात. मुकादमाने आणि बागायतदाराने निदान एवढं तरी शिकून घेतलं पाहिजे.

उन्हाचं म्हणाल तर, शुद्ध हरपून लगेच भानावर येणं वेगळं आणि उष्माघात वेगळा. उष्माघातात अंग ४० अंश सेल्सिअसच्या वर तापतं, माणूस असंबद्ध बोलतो, शुद्धीवर नीट येतच नाही. तिथे सावली, ओले कपडे, जोराचा वारा, काखेत-जांघेत बर्फ, आणि रुग्णालय.

कोणती मूर्च्छा खरोखर धोक्याची?

जी हृदयातून येते ती. हृदयाचे ठोके एकदम फार मंद किंवा फार जलद झाले, किंवा हृदयातून बाहेर पडायची झडप अरुंद झाली, तर मेंदूकडे रक्त जात नाही. इथे जांभया, मळमळ, गार घाम अशी पूर्वसूचना बहुधा नसते. दिव्याचं बटण बंद करावं तसा माणूस पडतो.

पुढचं काहीही असेल तर त्याच दिवशी ईसीजी काढायचा, उद्यावर टाकायचं नाही. पायऱ्या चढताना, धावताना, खेळताना पडणं, बसलेलं किंवा निजलेलं असताना शुद्ध जाणं, आधी छातीत धडधड किंवा दुखणं, दम लागणं, हृदयविकार आधीच माहीत असणं, घरात कोणी तरुणपणी अचानक गेलेलं असणं. नुकतंच ऑपरेशन, बाळंतपण किंवा लांबचा प्रवास झाला असेल आणि एक पोटरी सुजली असेल तर फुप्फुसात रक्ताची गुठळी गेली असण्याची शक्यता. पाळी चुकली आहे, ओटीपोटात दुखतं आणि बाई कोसळली, तर गर्भ नळीत राहून फुटला असेल. ही शस्त्रक्रियेची घाई आहे.

मेंदूच्या झटक्याने, म्हणजे लकव्याने, नुसती शुद्ध जाऊन लगेच परत येणं विरळाच. तोंड वाकडं, बोलणं अडखळतं, हात उचलत नाही असं काही असेल तर गोष्ट वेगळी.

गडाचा एक प्रसंग. पन्नाशीचे एक गृहस्थ सप्तशृंगीच्या सुमारे पाचशे पायऱ्या चढताना अर्ध्यावर पडले. घरचे म्हणाले, उपवास होता, म्हणून झालं. त्यांची सून मात्र म्हणाली, “पडायच्या आधी ते काहीच बोलले नाहीत, पांढरेही पडले नाहीत. पाऊल उचललं आणि गेलेच.” त्या एका वाक्यावरून मी छातीला स्टेथोस्कोप जास्त वेळ लावून ठेवला. झडप अरुंद झाली होती. उपवासाच्या नावावर ते घरी गेले असते.

कोणत्या तपासण्या कराव्या लागतात?

ऐकून घेणं, निजून-उभं बीपी आणि ईसीजी, एवढ्यावर बऱ्याच जणांचं निदान होतं. हिमोग्लोबिन बघावं, मूल होण्याच्या वयातल्या बाईची गर्भधारणेची तपासणी करावी. हृदयाची शंका आली तर टू-डी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, आणि २४ तासांचं होल्टर, म्हणजे अंगावर लावून ठोके नोंदवणारं यंत्र. क्वचित होणाऱ्या पण घातक वाटणाऱ्या झटक्यांसाठी छातीच्या कातडीखाली बसवायचं छोटं नोंदयंत्र मिळतं, ते दोन-तीन वर्षं ठोके टिपत राहतं. ठोके मंद पडत असतील तर पेसमेकरने माणूस पुन्हा आपल्या कामाला लागतो.

डोक्याला मार नाही, हातापायात कमजोरी नाही, तर साध्या मूर्च्छेला मेंदूचा स्कॅन सहसा लागत नाही. लोक आधी तोच करून येतात, आणि वीस रुपयांच्या कागदावरचा ईसीजी राहून गेलेला असतो.

शुगर कमी झाली असेल का?

मधुमेहाची गोळी किंवा इन्शुलिन चालू असेल तर हो, लगेच मोजा. तसं नसेल तर बहुतेक वेळा नाही. साखर उतरल्याने गेलेली शुद्ध मिनिटभरात आपोआप परत येत नाही.

बाळ रडता रडता निळं पडतं आणि मान टाकतं. फार घाबरायला होतं.

घाबरणं साहजिक आहे. साधारण ६ महिने ते ५-६ वर्षांपर्यंतच्या काही मुलांत रडताना श्वास अडकून असं होतं. बाळाला कुशीवर निजवा, हलवू-झटकू नका. काही सेकंदांत ते श्वास घेतं. एकदा बालरोगतज्ज्ञांना दाखवा, रक्तातलं लोह तपासून घ्या. लोह कमी असेल तर ते भरून काढल्यावर हे प्रकार कमी होतात. न रडता, खेळताना किंवा दचकून पडलं तर ईसीजी हवाच.

श्रावणात त्र्यंबकेश्वरच्या ब्रह्मगिरीची फेरी करायची आहे, मागच्या वर्षी पडले होते.

फेरी करा, पण निर्जळी करू नका. तिसऱ्या सोमवारी रात्रभर जागून, अनवाणी, रिकाम्या पोटी इतकं चालायचं तर शरीराकडे काहीतरी हवं. निघण्याआधी दोन तांबे पाणी, वाटेत लिंबू-मीठ-साखरेचं सरबत, उपवासाला चालणारं केळं, खजूर, शेंगदाण्याचा लाडू. बीपी वाढलेलं असेल किंवा हृदय-मूत्रपिंडाचा त्रास असेल तर मीठ वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारा.

अंधारी येऊ लागली आणि बसायला जागाच नसेल तर पाय एकमेकांवर अढी घालून मांड्या आणि पोट घट्ट आवळा, दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकवून जोरात ओढा. दाब थोडा चढतो आणि खाली बसण्यापुरती उसंत मिळते. रक्त देताना किंवा सुई टोचून घ्यायची असेल तेव्हाही हे करता येतं; आधी अर्धा लिटर पाणी पिऊन जा आणि निजून टोचून घ्या.

२०२७ च्या सिंहस्थात घाटावर जाणाऱ्या घरच्या मोठ्यांनाही हे आतापासून शिकवून ठेवा. गर्दीत पडलेल्या माणसाला आडवं व्हायला जागा मिळणं हीच मोठी गोष्ट असते. दोघा-तिघांनी हात धरून त्याच्याभोवती कडं करायचं.

गाडी कधी चालवू?

कारण कळेपर्यंत नाही. दुचाकीही नाही, ट्रॅक्टरही नाही, विहिरीच्या काठावर किंवा शिडीवर चढायचं कामही नाही. उभ्याउभ्या, पूर्वसूचना देऊन, एकदाच आलेली मूर्च्छा असेल तर डॉक्टर लवकर परवानगी देतील. बसल्या जागी, न सांगता आलेली असेल तर हृदयाची तपासणी पूर्ण होईपर्यंत किल्ली घरच्यांकडे द्या. कसारा घाटात चालकाला आडवं व्हायला जागा नसते.